चढ न जाणवणारी खिंड : ओरेगन ट्रेलवरचा साउथ पास कसा पाहावा

खिंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पावनखिंड येते, नाहीतर नाणेघाट. दोन्ही अंगांना कातळ, मधून लादलेला एकच बैल जाईल एवढी वाट, वर आभाळाची चिंधी. वायोमिंगमधला साउथ पास बघायला मी पहिल्यांदा गेलो तो हेच चित्र डोक्यात घेऊन. २८ नंबरच्या महामार्गावर खिंडीच्या नावाची पाटी दिसली, गाडी बाजूला घेतली, सगळे उतरलो. समोर माळ, मागे माळ, मध्ये वारा. वडिलांनी दोनदा गोल फिरून पाहिलं आणि विचारलं, "खिंड कुठाय रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो काढले आणि यलोस्टोनच्या दिशेनं निघून गेलो.

नंतर कळलं की आम्ही खिंडीत पोचलोच नव्हतो. महामार्गाची पाटी वेगळी आणि एकोणिसाव्या शतकात ओरेगन ट्रेल नावाच्या वाटेनं पश्चिमेला वस्तीला निघालेल्या लोकांच्या बैलगाड्यांचे तांडे जिथून गेले तो माथा वेगळा, काही मैल दक्षिणेला. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, या वेळी तयारीनं. डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी किंवा त्याही पलीकडून यलोस्टोनला निघालेल्या, मायदेशाहून आलेल्या आईवडिलांना सोबत घेतलेल्या मराठी मंडळींसाठी ही त्या दुसऱ्या खेपेची टिपणं.

आधी डोक्यातलं चित्र बदला

साउथ पास अरुंद नाही. उत्तरेला विंड रिव्हर पर्वत संपतो, दक्षिणेला ओरेगन ब्यूट्स नावाच्या सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात, आणि या दोहोंमध्ये कित्येक मैल रुंद मोकळं खोगीर पसरलं आहे. माथ्याची उंची ७,४१२ फूट, म्हणजे सुमारे २,२६० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या कितीतरी वर उभे असता आणि पायाखाली उसाच्या फडाइतकी सपाट जमीन असते. १८४२ साली जॉन फ्रेमाँट सरकारी मोजणीसाठी इथे आला, किट कार्सन हा त्याचा वाटाड्या होता. फ्रेमाँटनं लिहून ठेवलं की वॉशिंग्टनमध्ये हमरस्त्यानं कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, टेकडीवर चढताना लागतो, तेवढाच हा चढ. माथा नेमका कुठे हे ओळखायला त्यालाही त्रास पडला.

हेच या जागेचं मोल. रॉकी पर्वताच्या रांगा उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत. त्यांत घोड्यांना आणि पायी माणसांना जाता येईल अशा वाटा बऱ्याच होत्या. १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांनी उत्तरेकडून अशीच एक ओलांडली, पण तिथून भरलेली गाडी नेणं कोणाच्याही बापाला जमलं नसतं. गाडीला तीन गोष्टी एकत्र लागतात : बेताचा चढ, रोज पाणी, रोज गवत. बैलाचं इंधन गवत आहे, ते गाडीत भरून नेता येत नाही. पूर्वेकडून प्लॅट नदी, मग नॉर्थ प्लॅट, मग स्वीटवॉटर असं एकीचं बोट सोडून दुसरीचं धरत गेलं, की पाणी-गवत न तुटता थेट या खोगिरापाशी येता येतं. थोडं उत्तरेला सरका, तर बर्फाचा पहाड. थोडं दक्षिणेला सरका, तर रेड डेझर्टचा कोरडा रखरखाट. मधली ही एकच पट्टी.

क्रो आणि शोशोनी या इथल्या मूळ लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं. ऑक्टोबर १८१२ मध्ये रॉबर्ट स्टुअर्ट या फरच्या व्यापाऱ्याची सात जणांची टोळी पश्चिमेकडून पूर्वेला इथून गेली, पण ती बातमी फारशी पसरली नाही. १८२४ च्या हिवाळ्यात जेडेडाया स्मिथच्या फरशिकाऱ्यांच्या टोळीनं क्रो लोकांकडे वाट विचारली. टोळीतल्या जेम्स क्लायमननं बायसनचं कातडं अंथरलं, त्यावर वाळू पसरून डोंगरांच्या जागी ढीग केले आणि त्या वाळूच्या नकाशावर क्रो लोकांनी त्याला वाट समजावून दिली. १८३२ मध्ये कॅप्टन बॉनव्हिलनं २० गाड्या पार नेल्या. १८४३ मध्ये हजारभर माणसांचा मोठा तांडा गेला आणि कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तर रीघ लागली. १८६९ मध्ये रेल्वे पूर्ण होईपर्यंत इथून किती माणसं गेली याचे अंदाज तीन ते पाच लाखांच्या दरम्यान आहेत. ओरेगन, कॅलिफोर्निया, मॉर्मन पायोनियर (मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची) आणि पोनी एक्सप्रेस (घोडेस्वारांच्या टपालाची) या चारही वाटा या एका खोगिरातून जातात.

रेल्वे मात्र इथून गेली नाही. इंजिनाला गवत लागत नाही, कोळसा लागतो, आणि तो दक्षिण वायोमिंगमध्ये होता. म्हणून रूळ दक्षिणेकडून गेले, इथे गाव वसलं नाही आणि माळ राहिला तसाच राहिला. आपल्याला आज जे काही दिसतं ते त्या उपेक्षेमुळे.

कधी जायचं

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. त्याआधी बर्फ वितळून कच्चे रस्ते चिखलाचे असतात, त्यानंतर बर्फ कधीही पडू शकतो. हिवाळ्यात २८ नंबरचा महामार्गसुद्धा वादळात बंद होतो. निघण्याच्या दिवशी सकाळी वायोमिंगची ५११ ही रस्त्यांची माहितीसेवा बघाच.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जून-जुलैत ओल असते तिथे डासांचा कहर असतो. आमच्या दुसऱ्या खेपेला आई अर्ध्या वाटेतून गाडीत परत गेली ती त्यांच्यामुळेच. सप्टेंबरात डास गेलेले असतात, हवा कोरडी असते, ऊन तिरपं पडतं. तिरप्या उन्हाचं महत्त्व पुढे सांगतो. ऑक्टोबरात जाणार असाल तर शिकारीचा मोसम असतो, अंगावर भडक नारिंगी काहीतरी घाला.

सपाट आहे म्हणून या जागेला हलक्यात घेऊ नका. १८५६ साली विली यांच्या नेतृत्वाखालचा मॉर्मन स्थलांतरितांचा जथा हातगाड्या ओढत इथवर आला. निघायलाच उशीर झाला होता. ऑक्टोबरात खिंडीच्या अलीकडे बर्फाच्या वादळानं गाठलं. २३ ऑक्टोबरला रॉकी रिज नावाचा खडकाळ चढ पार करून ते रॉक क्रीकला पोचले. दुसऱ्या दिवशी तिथे तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं, आणि खड्डा खणणाऱ्यांपैकी दोघे त्यानंतर गेले. बैलगाडीवाल्यांचा हिशेब म्हणूनच पक्का असायचा : एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात मिसुरी नदीचा काठ सोडायचा, ४ जुलैच्या सुमारास वाटेतला इंडिपेंडन्स रॉक हा खडक गाठायचा, जुलैच्या मध्यापर्यंत खिंड. आधी निघालं तर गवत उगवलेलं नसतं, उशिरा निघालं तर पुढच्या डोंगरात बर्फ.

पहिला दिवस : पूर्वेकडूनच या

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. सॉल्ट लेककडून येणाऱ्यांना पश्चिमेकडून चढणं सोपं पडतं हे मला मान्य आहे, पण एक दिवस जास्त काढता आला तर पूर्वेकडच्या कॅस्पर शहरातून सुरुवात करा. साउथ पास ही एखाद्या लांबलचक वाक्याच्या शेवटच्या शब्दासारखी जागा आहे. नुसता तेवढाच शब्द वाचला तर हाती काही लागत नाही.

डेन्व्हर ते कॅस्पर चार तासांचा रस्ता. वाटेत गर्न्झीला वळून जायची सवड असेल तर जरूर जा. तिथे गाड्यांच्या चाकांनी वाळूच्या दगडात चर पाडले आहेत, काही ठिकाणी पाच फूट खोल. 'चाकोरी' हा शब्द आपण आयुष्यभर नोकरी आणि संसार यांच्यासाठी वापरतो. मूळची चाकोरी, म्हणजे चाकानं पडलेली, दगडात कोरलेली, कमरेएवढी, तिथे बघायला मिळते. वडील तिच्यात उतरून चालले आणि म्हणाले, "धाव लोखंडाचीच असणार, नुसत्या लाकडानं एवढं होत नाही." बरोबर होतं. चाकं लाकडाची, त्यांवर लोखंडी धाव. या कोरड्या हवेत लाकूड आकसायचं आणि धाव सुटायची. मग रात्री चाकं काढून नदीत भिजत ठेवायची, नाहीतर पाचरी ठोकायच्या. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडीचं चाक ओढ्यात ठेवतात, तोच प्रकार.

कॅस्परमध्ये नॅशनल हिस्टॉरिक ट्रेल्स इंटरप्रिटिव्ह सेंटर आहे. तिथे दीड-दोन तास द्या. मुलं असतील तर नक्कीच, कारण पुढे दिवसभर जे बघायचं आहे ते सगळं कल्पनेनं बघायचं आहे आणि त्यासाठीचा कच्चा माल इथे मिळतो. गाडीचा आकार इथेच नीट पाहून घ्या. सिनेमात दिसते तेवढी मोठी ती नसायची. पेटी जेमतेम चार फूट रुंद आणि दहा फूट लांब, तीत हजार किलोच्या आत-बाहेर सामान, पुढे बैलांच्या दोन-तीन जोड्या. माणसं बसायची नाहीत, चालायची. दिवसाला पंधरा मैल झाले तर उत्तम दिवस.

कॅस्परहून २२० नंबरचा आणि पुढे २८७ नंबरचा रस्ता धरा. लँडरपर्यंत १४५ मैलांच्या आसपास. न थांबता अडीच तास, पण थांबायचं आहे.

पहिला थांबा इंडिपेंडन्स रॉक, कॅस्परपासून सुमारे ५५ मैलांवर, रस्त्यालगत. पालथ्या घातलेल्या परातीसारखा ग्रॅनाइटचा अजस्र गोटा, उंची सुमारे १३० फूट. तांड्यांतल्या माणसांनी यावर नावं कोरली. आपल्या किल्ल्यांवरची 'राजू लव्ह पिंकी' छाप नावं पाहून संताप येतो, इथली १८५० ची नावं पाहून गहिवर येतो. काय करायचं या विसंगतीचं ते तुम्ही ठरवा, पण तुम्ही काही कोरू नका. भोवती एक चक्कर मारायला मैलाहून थोडं जास्त चालावं लागतं.

पुढे डेव्हिल्स गेट, स्वीटवॉटरनं कातळात पाडलेली अरुंद चीर. गंमत बघा, खिंडीसारखी दिसते ती ही, आणि गाड्या हिला वळसा घालून गेल्या. त्यापुढे स्प्लिट रॉक : डोंगराच्या माथ्यावरची खाच, बंदुकीच्या नेमासारखी. तांड्यांना ती एक दिवस आधीपासून दिसायची आणि गेल्यावर दोन दिवस मागे दिसत राहायची. पुढे आइस स्लू, जिथे दलदलीच्या गवताच्या जाड थराखाली भर जुलैतही बर्फ मिळायचा. आता तिथे फलकाशिवाय फारसं काही नाही, गाडीतूनच बघा.

मुक्काम लँडर. इथे हॉटेलं आहेत, वाणसामान मिळतं. गावाच्या उत्तरेला विंड रिव्हर रिझर्व्हेशन, म्हणजे ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो लोकांचा मुलूख. उद्या ज्या वाटेनं चालायचं ती कोणाच्या जमिनीवरून गेली हे लक्षात राहण्यासाठी तरी नकाशावर तो एकदा पाहून ठेवा.

रात्रीची तयारी

टाकी पूर्ण भरा, मग ती अर्धी का भरलेली असेना. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, माथ्यावर फोन लागेल हे गृहीत धरू नका. सुटं चाक खरोखर गाडीत आहे का, हवा भरलेलं आहे का, आणि जॅक कुठे आहे, हे बघा. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. मी पहिल्या खेपेला वाचलं नव्हतं, आणि तेव्हा कच्च्या रस्त्यावर गेलोच नाही हे माझं नशीब.

पाणी माणशी तीन लिटर. हवा कोरडी असल्यानं घाम दिसत नाही आणि तहान लागेपर्यंत डोकं दुखायला लागतं. टोपी, तीही हनुवटीखाली बांधता येईल अशी. इथला वारा टोपी उडवत नाही, घेऊन जातो. वाऱ्याला अडवेल असं जाकीट, ऑगस्टमध्येसुद्धा. साधी हलकी विजार असावी, आखूड चड्डी नको, सेजब्रश या माळावरच्या झुडपाच्या काटक्या पोटऱ्या ओरबाडतात. खायला दशम्या, चटणी, भडंग असं काही. माथ्यावर दुकान नाही, झाड नाही, सावली नाही आणि संडासही नाही. शेवटचं विश्रांतिस्थळ महामार्गावर स्वीटवॉटर नदीच्या परिसरात आहे, ते चुकवू नका.

वडीलधारी बरोबर असतील तर आणखी एक. लँडर साधारण ५,३५० फुटांवर आहे. तिथे रात्र काढली की दुसऱ्या दिवशीची उंची बरीच सुसह्य होते. समुद्रसपाटीवरून विमानानं येऊन त्याच दिवशी माथ्यावर जायचं धाडस करू नका, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

दुसरा दिवस : लँडर ते माथा

सकाळी सातला निघा. दोन कारणं. उन्हाळ्यात दुपारी ढग जमतात, वीज पडते, आणि त्या माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता. दुसरं कारण ऊन. चाकोऱ्या इथे दगडात नाहीत, मातीत आहेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत त्या भरून आल्या आहेत, उरल्या आहेत त्या उथळ पन्हळी. डोक्यावरच्या उन्हात त्या गायब होतात. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि अख्खी वाट उमटते.

२८७ नं दक्षिणेला आठ-नऊ मैल, मग उजवीकडे २८. लगेच चढ लागतो. रेड कॅन्यनचा तांबडा कडा दिसेल, पाच मिनिटं थांबा. हा रस्ता आधी खिंडीपेक्षाही उंच चढतो आणि मग खाली उतरत खिंडीकडे जातो. याचा अर्थ लक्षात घ्या : डांबरी रस्ता ज्या बाजूनं येतो ती तांड्यांची बाजू नव्हे. तांडे खालून, स्वीटवॉटरच्या काठानं येत होते. लँडरहून येणाऱ्याला म्हणूनच खिंडीत 'चढून' आल्यासारखं वाटतच नाही.

वाटेत साउथ पास सिटीचा फाटा लागतो. तिथे परतताना जा किंवा दुपारी जा, सकाळ त्यात घालवू नका.

पुढे महामार्गावर डावीकडे, म्हणजे दक्षिणेला, ओरेगन ब्यूट्स रोड नावाचा कच्चा रस्ता फुटतो. आदल्या रात्री नकाशावर खूण करून ठेवायची ती याचीच. रस्ता कोरडा असेल तर साध्या गाडीनंही हळूहळू जाता येतं, जमिनीपासून उंच गाडी असेल तर चांगलंच. ओला असेल तर परत फिरा. इथली माती भिजली की आपल्या काळ्या रानासारखी चिकटते, चाकाला रोटीएवढा थर बसतो, आणि ओढायला ट्रॅक्टर यायला अख्खा दिवस जातो. शिवाय ओल्यात गाडी घातली की जुन्या वाटेची नासाडी होते ती वेगळीच.

सुमारे तीन मैलांवर हा रस्ता जुन्या वाटेला छेदतो. खुणेचे खांब रोवलेले आहेत. इथे गाडी रस्त्याच्या कडेला लावा आणि उतरा. उजवीकडे, पश्चिमेला, दोन चाकांची पायवाटेसारखी वाट जाते. मैलभर गेलं की माथा. ती कोरडी असेल तर गाडी नेता येते, लोक नेतात. पण चालत जा. ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीनं पुढे पाठवा आणि बाकीच्यांनी चाला. लाखो माणसं इथून चालत गेली. आपल्याला एक मैल जड नाही.

चालताना काय बघायचं

पहिली पाचदहा मिनिटं नुसतं पायांकडे लक्ष द्या. चढ लागतो का? आमच्यात यावर वाद झाला. मुलगी म्हणाली उतार आहे. मी म्हटलं सपाट आहे. वडील थांबले, वाकून जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चढ आहे. बैलाला कळला असता. पण बैल दमला नसता." साठच्या दशकात त्यांनी घरच्या गाडीतून कारखान्यावर ऊस नेला आहे. फ्रेमाँटनं कॅपिटॉलची उपमा देऊन जे सांगितलं, ते मला या दोन वाक्यांत जास्त कळलं.

मग वाटेच्या दोन्ही बाजूंना बघा. एकच चाकोरी नाही, शेजारी-शेजारी अनेक आहेत. पुढच्या गाडीची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मागचे बाजूनं चालायचे, त्यामुळे मोकळ्या जागी तांडा पसरायचा. पन्हळीत पाणी थोडं जास्त थांबतं, म्हणून तिथलं गवत बाजूच्यापेक्षा हिरवं किंवा दाट असतं. ऊन चुकलं असेल तर गवताच्या रंगावरून वाट शोधा.

सेजब्रशची दोन पानं चुरडून वास घ्या. उग्र, औषधी, कापरासारखा. महिनोन्महिने या माणसांच्या कपड्यांना, चुलीच्या धुराला, अन्नाला हाच वास असणार. प्राँगहॉर्न हरणं दिसतील, पांढऱ्या पुठ्ठ्यांची आणि भलतीच वेगवान. माथ्याच्या थोडं अलीकडे ट्विन माउंड्स या दोन बुटक्या टेकड्या आहेत. सपाट प्रदेशात दुसरी खूण नसल्यानं तांड्यांना त्यांचा फार आधार वाटायचा.

काही सापडलं, गंजका खिळा, कड्याचा तुकडा, काचेची खापरी, तर बघा आणि तिथेच राहू द्या. सरकारी जमीन आहे, जुन्या वस्तू उचलणं गुन्हा आहे.

माथा

दोन दगड आहेत. एक एझ्रा मीकर या गृहस्थानं १९०६ मध्ये बसवला. तो १८५२ मध्ये तरुणपणी बैलगाडीनं ओरेगनला गेला होता. वाट नांगराखाली आणि विस्मृतीत जाताना पाहून पंचाहत्तरीत तो पुन्हा बैलजोडी जुंपून उलट्या दिशेनं निघाला आणि ठिकठिकाणी खुणेचे दगड उभारत गेला. आज आपण 'वारसा जतन' वगैरे म्हणतो, त्याची सुरुवात या वाटेवर एका म्हाताऱ्याच्या हट्टानं झाली. आमच्या वडिलांना या सगळ्या सफरीत आवडलेला एकमेव अमेरिकन माणूस हा.

दुसरा दगड नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पाल्डिंग यांच्या नावाचा. ४ जुलै १८३६ रोजी ही खिंड ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया, असं त्यावर कोरलंय. 'गोऱ्या' हा शब्द वाचताना सावकाश वाचा. शोशोनी बायका पोरंबाळं घेऊन याच वाटेनं किती पिढ्या ये-जा करत होत्या त्यांची गणती कोणी ठेवली नाही. तरी त्या दोघींच्या येण्यानं एक गोष्ट सिद्ध झाली, आणि तिचे परिणाम प्रचंड झाले : ही वाट फक्त शिकाऱ्यांची नाही, संसार घेऊन जाता येईल अशी आहे. नार्सिसाचा पुढे शेवट वाईट झाला. १८४७ मध्ये गोवराच्या साथीनंतर केयूस या मूळ लोकांनी व्हिटमन दांपत्याच्या धर्मप्रसाराच्या मिशनवर हल्ला केला, त्यात ती आणि तिचा नवरा मारले गेले.

दगडांपाशी उभं राहून एक पूर्ण गिरकी घ्या. उत्तरेला विंड रिव्हरची शिखरं, दक्षिणेला ओरेगन ब्यूट्स. ओरेगन कित्येक शे मैल दूर, तरी टेकड्यांना नाव ओरेगनचं, कारण इथून पुढचा सगळा मुलूख एके काळी 'ओरेगन कंट्री' होता. तुमच्या पूर्वेला पडलेला पाऊस स्वीटवॉटर, नॉर्थ प्लॅट, प्लॅट, मिसुरी, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखातात जातो. पश्चिमेला पडलेला ग्रीन नदीतून कोलोरॅडोत आणि तिथून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे. दक्षिणेला ब्यूट्सच्या पलीकडे ग्रेट डिव्हाइड बेसिन आहे, तिथलं पाणी कुठल्याच समुद्राला जात नाही, तिथेच आटतं. महाबळेश्वरात उभं राहून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला हे आपण शाळेत शिकलो. तिथे ते कड्यावरून दिसतं. इथे विश्वास ठेवावा लागतो. मुलीनं बाटलीतलं पाणी माथ्यावर ओतून पाहिलं. ते ना या समुद्राकडे गेलं ना त्या, जागच्या जागी मुरलं.

निदान अर्धा तास थांबा. भडंग इथे खा, पिशवीला दगड लावून.

पाणी उलटं वाहतं ती जागा

इथून तीनेक मैल पश्चिमेला पॅसिफिक स्प्रिंग्ज. बऱ्याच तांड्यांना खिंड ओलांडल्याचं कळलं ते इथे, ओहळाचं पाणी पश्चिमेला वाहताना पाहून. पाणथळ हिरवळ आहे. बाहेरून कुरण वाटतं, आत गुरं रुतायची. चालत येऊन-जाऊन सहा मैल होतात, मोठ्यांच्या गटानं पाणी पुरेसं असेल तरच करा, आणि कुंपण लागलं की तिथेच थांबा. ज्यांना एवढं चालणं नको त्यांनी महामार्गावर परत येऊन पश्चिमेला फार्सन गावाच्या दिशेनं निघावं. डाव्या हाताला माहितीफलकांचा थांबा लागतो, तिथून खिंड आणि तिच्यापलीकडचा सगळा प्रदेश एका नजरेत दिसतो. पहिल्या खेपेला मी अशाच जागी उभा राहून काही नाही म्हणालो होतो.

त्याच रस्त्यावर पुढे 'पार्टिंग ऑफ द वेज'चा फलक आहे, वाट दुभंगते ती जागा सांगणारा. तो फसवा आहे. ओरेगन-कॅलिफोर्नियाची जवळची वाट आणि फोर्ट ब्रिजरची वाट खरी फुटते ती तिथून काही मैल पश्चिमेला. जुना दगड भलत्याच फाट्यावर बसवला गेला, आणि आता शेजारचा फलकच ती चूक समजावून सांगतो. चूक न पुसता तिच्याशेजारी उत्तर लावायची ही पद्धत मला आवडली.

दुपार : साउथ पास सिटी

वेळ उरला तर मागे फिरून साउथ पास सिटी. ही तांड्यांची वस्ती नव्हे, १८६७ च्या सोन्याच्या खाणीची. पडकं होण्याआधी जपलेलं लाकडी गाव आहे, उन्हाळ्यात खुलं असतं, थोडं प्रवेशशुल्क आहे. याच गावच्या विल्यम ब्राइटनं मांडलेल्या कायद्यानं १० डिसेंबर १८६९ रोजी वायोमिंग टेरिटरीत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला आणि १८७० मध्ये इथलीच एस्थर मॉरिस अमेरिकेतली पहिली स्त्री न्यायाधीश झाली, 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणून. दीड तास पुरे.

यलोस्टोनकडे जाणाऱ्यांनी लँडरला परतायची गरज नाही. २८ नं फार्सनपर्यंत या, तिथून १९१ उत्तरेला पाइनडेल आणि जॅक्सनला जातो. सॉल्ट लेकचे लोक तिथूनच दक्षिणेला रॉक स्प्रिंग्जकडे वळतील, चाळीस मैल. दुपारनंतर निघालात तर ऊन थेट डोळ्यांवर येतं, गॉगल हाताशी ठेवा. आणि हरणं रस्त्यावर येतात, ताशी साठ मैलांच्या पुढे जाऊ नका. फार्सनच्या चौकातल्या जुन्या दुकानात आइस्क्रीमचे कोन मिळतात, त्यासाठी ते गाव पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. सगळ्यात लहान मागा. आम्ही मधला मागितला होता, तो तिघांत संपला नाही.